आंबट वासाची ट्यूब

५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना पक्कडीचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर तुम्ही सगळं ठीक म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले. घरून निघाले तेव्हा गाडी झकास होती. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण तेल गाळत होतं, तेही तुम्ही स्वतः आपल्या गॅरेजमध्ये फट बुजवायची पेस्ट लावून बसवून दिलंत. पण इथे आल्यावर समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझायचं नावच घेत नाही. उभी राहिली की थरथरते, पेट्रोल पाण्यासारखं पिते, आणि मागून असा उग्र वास मारतो की ऑफिसचा रखवालदार मला बघून नाकाला रुमाल लावतो.

इथल्या मेकॅनिक बाईंनी यंत्र जोडून पाहिलं. ऑक्सिजन सेन्सर खराब दाखवतंय. बदलून टाकू का? आईला नमस्कार.

तुमची पक्कड

११ फेब्रुवारी

चि. पक्कड हिस अनेक आशीर्वाद.

उतावळेपणा नको. कोण ओरडतंय ते यंत्र सांगतं, का ओरडतंय ते सांगत नाही. तो सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेलं नाक. धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो आणि इंजिनाला कळवतो. त्यानं चुकीचं कळवलं की इंजिन पेट्रोल ओततच सुटतं. म्हणून आधी त्याची वायर बघायची, तापलेल्या नळीला टेकून वितळते कधीकधी. मग सेन्सरच्या अलीकडे नळीला चीर पडून बाहेरची हवा आत शिरते का ते बघायचं. दोन्ही धड असतील तर इंजिन चांगलं तापवून यंत्रावरचा आकडा बघायचा. तो सारखा खालीवर नाचायला हवा. ढिम्म बसला तर सेन्सर गेला. आणि का गेला हे कळल्याशिवाय नवा घालायचा नाही, नाहीतर येरे माझ्या मागल्या.

इकडे क्षेम. तुझी आई मात्र माझ्यावर उखडली आहे. ती कामावर होती, मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत होतो, आणि दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला. धूर डोळ्यांत गेला तेव्हा उठलो. बातमीच तशी रंगली होती, पण तिला पटत नाही. बाईंना नमस्कार सांग, काय निघालं ते कळव.

तुझे बाबा

१९ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. नमस्कार.

तुम्ही लिहिलं तसंच सगळं केलं. वायर धड, नळीला चीर नाही, आकडा ढिम्म. सेन्सर काढला तर टोकावर पांढरं पूट, पिठी चोळल्यासारखं. बाई म्हणाल्या की झाकणाला भलती पेस्ट लागली असणार. तिची वाफ इंजिनात ओढली जाते, जळते आणि सेन्सरवर जाऊन बसते.

बाबा, तुमच्या पेस्टच्या दोन्ही ट्यूबांवरची अक्षरं ग्रीसनं कधीच पुसली गेली आहेत. मी शाळेत होते तेव्हा तुम्हीच शिकवलंत की बूच काढून हुंगायचं, व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ट्यूब सेन्सरच्या गाडीला लावायची नाही. त्या दिवशीही तुम्ही बूच काढून हुंगलंत. आंबट वास मला पलीकडे उभी असताना आला. तुम्ही मान डोलावलीत, म्हणून मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

त्यात आता ते दूध. मला भीती वाटते, स्पष्टच विचारते. तुम्हाला वास येत नाही का? आई दिवसभर बाहेर, आणि गॅसचं बटण एखाद्या दिवशी अर्धवट राहिलं तर? जुना सेन्सर डबीत घालून पाठवतेय, तुमच्या डोळ्यांनी बघा. डॉक्टरांकडे जा. हवं तेवढं रागवा, पण उत्तर लिहा.

तुमचीच पक्कड

२५ फेब्रुवारी

चि. सोनूस आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे तडक गॅरेजमध्ये गेले आणि आतून कडी लावली. लेक बापाचं नाक कापायला निघाली, एवढंच म्हणाले.

काल डबी आली. ती घेऊन खिडकीशी बराच वेळ उभे होते. मग डोळे मिटून खुर्चीत बसले आणि मला म्हणाले की काहीही आण आणि नाकाशी धर. मी कांदा कापून धरला. फिनेल धरलं. शेवटी पेट्रोलचा बोळा धरला, माझंच डोकं फिरायला लागलं त्यानं. दर वेळी हे विचारत होते की अगं, धरलंस का. मला बाई रडू आवरेना. सकाळी निघताना मी सिलिंडर बंद करून जाते आता. तू लवकर ये.

तुझी आई

२८ फेब्रुवारी

चि. पक्कड हिस आशीर्वाद.

आईनं सगळं लिहिलं असेलच. पावसाळ्यात सर्दी झाली, तिच्याबरोबर वास गेला तो परत आलाच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिलो. गिऱ्हाईक धुराशेजारी उभं राहून माझ्या तोंडाकडे बघतं. मी हुंगल्यासारखं करतो आणि आवाजावरून ठोकून देतो. सगळी उमर या नाकावर पोट भरलं, ते गेलं हे कोणत्या तोंडानं सांगू? भीती मलाही वाटते गं. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. एकदा धरलंस की सोडत नाहीस, नाव काही उगाच नाही ठेवलं तुझं.

झाकणावरची पेस्ट अजून तशीच असेल तर नवा सेन्सरही जाईल. सावकाश चालवत गाडी घेऊन ये. झाकण मी काढीन, जुनी पेस्ट खरवडीन. दोन्ही ट्यूबा बाकावर काढून ठेवल्या आहेत. बुचं तू उघड, हुंग आणि सांग. या वेळी मान तू डोलवायची, मग मी पेस्ट लावीन.

वाट बघतोय.

तुझे बाबा