हौसाकाकूंची शेळी

४ जानेवारी

जिंकले! रविनाची पोरगी आज छातीला लागली. तीन दिवस हौसाकाकू – म्हणजे रविनाची सासू – चीक पिळून टाकत होत्या आणि कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजत होत्या. पाचवी पुजेपर्यंत आईचं दूध बाळाला जड, म्हणे! मी भांडले नाही. रविनाच्या पाठीशी उशी दिली, पोरीचं पोट तिच्या पोटाला टेकवलं आणि पोरीने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबले. मग गिळल्याचा आवाज आला. हौसाकाकूंनीही ऐकला. "आता बोळा नाय," म्हणाल्या.

बारा वर्षं आशा कार्यकर्तीचं काम करतेय. किन्हवलीच्या या पाड्यांवर माझ्यासारखी पटवणारी दुसरी दाखवा!

८ जानेवारी

सकाळी मरणाचा गारठा. हौसाकाकू पोरीला गोधडीतून काढू देईनात. तशीच झोळीत घातली, ताणकाटा टांगला. तीन किलो! जन्माला दोन किलो सहाशे होती. रविना काय खूश झाली! मीही. शिकवणी कोणाची?

१५ जानेवारी

पावणेतीन!! अंगणात, लख्ख उन्हात, दोनदा तोलली. पोरगी नीट ओढते, दिवसाला सात-आठ दुपटी ओली करते. मग पाव किलो गेलं कुठे? एकच कारण – बोळा परत सुरू. अंगणासमोरच्या विहिरीच्या पाण्यावर चार बायका होत्या, त्यांच्यासमोरच हौसाकाकूंना सुनावलं. रविना रडायला लागली, माझंच दूध कमी पडतंय म्हणाली. तिचा नवरा भगीरथ पावडरीचा डबा आणायला निघालाच होता. त्याला अडवलं – पुढच्या बुधवारपर्यंत थांब, वजन नाही वाढलं तर डॉक्टरकडे मी स्वतः नेते.

हौसाकाकू एवढंच बोलल्या, "मी नाय पाजलं गो. तुला पटत नसंल त शेळीच दारात नाय ठेवत."

राग आला त्यांना. येऊ दे. पोरीपुढे कोणाचा राग बघायचा?

१७ जानेवारी

शेळी खरंच गेली. उंबरमाळीला, लेकीकडे. बरं झालं.

२२ जानेवारी

आजही उन्हात तोलली – दोन किलो नऊशे साठ! शेळी गेली आणि वजन आलं! भगीरथला सांगितलं, आता डब्याचं नाव काढायचं नाही. रविना हसली, किती दिवसांनी. हौसाकाकूंनी चहा दिला, कोरा. हा किस्सा मी तालुक्याच्या बैठकीत सांगणार आहे. सांगायलाच हवा.

२९ जानेवारी

ढग, बोचरा वारा. पोरगी पुन्हा गोधडीत. काटा तीन किलो सहाशेवर गेला. आठवड्यात साडेसहाशे ग्रॅम? असं होतच नाही! पोरीला रविनाच्या मांडीवर दिलं आणि नुसती गोधडी टांगली.

साडेचारशे ग्रॅम.

म्हणजे आठ तारखेचे तीन किलोही गोधडीसकट होते; पोरगी घटली नव्हतीच. त्या दिवसापासून वाढतच होती. हौसाकाकूंनी शब्द पाळला होता, आणि मी त्यांना चार बायकांत खोटं पाडलं. लाज वाटते.

उद्या उंबरमाळी. शेळी मीच आणणार – पाण्यावरून, बायका असतील तेव्हाच.