माणूस आजारी पडला तर?

६ मे, सोमवार

रुग्णालयाचा फॉर्म आला! नऊ पानी. रुग्णालयातले रक्ताचे नमुने आमच्या लॅबला मिळणार की मुंबईच्या बड्या लॅबला, हे शुक्रवारच्या तपासणीवर ठरणार. नाही मिळाले तर आमचं शटर खाली, साफ सांगते.

सगळे प्रश्न संकटांचे. डीलरने किट पाठवलं नाही तर दुसरा कोण? बोईसरवाला लिहिला. वीज गेली तर? इन्व्हर्टर. तंत्रज्ञ, म्हणजे मीच, आजारी पडल्यास? लिहिलं — पडत नाही. खोटं थोडंच आहे! अकरा वर्षांत एक रजा नाही.

फेलिशिया, माझी असिस्टंट, म्हणाली, "आंटी, माझं नाव टाका ना. कोर्स झालाय माझा." म्हटलं, मशीनला हात लावायचा नाही, हे आधी शीक.

आगाशीहून बहिणीचा, अँजेलिनाचा फोन. "आंबे पिकलेत. यंदा तरी येशील?" जमणार नाही म्हटलं. दर वर्षीचंच.

८ मे, बुधवार

सकाळीच वीज गेली. दुपारी इन्व्हर्टरनेही मान टाकली! फ्रिजमधली रसायनं आठ डिग्रीच्या वर गेली की संपलं. मग शुक्रवारी दाखवू काय, माझं तोंड? थर्मामीटरचा काटा बघत बसले. सहा. सात.

फेलिशिया मासळीबाजारात पळाली आणि पाचूबंदरच्या कोळणीला, भागूबाईला घेऊन आली, बर्फाच्या पेटीसकट! "पायजे तवरा ने बरफ. पन बाय, मावऱ्याचा वास येल हां!" येऊ दे म्हटलं. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवल्या — बर्फाला टेकल्या तर गोठून वाया. अर्ध्या तासात काटा चारवर! भागूबाईला मिठीच मारली. संध्याकाळपर्यंत लॅबला बोंबलांचा वास आणि मला हसू आवरेना.

फॉर्ममध्ये भर घातली. इन्व्हर्टरही गेला तर — भागूबाई. मोबाइल नंबरसकट.

१० मे, शुक्रवार

तपासणीला रुग्णालयाकडून उन्नती कर्णिक आल्या. कडक बाई. "या भागूबाई कुठल्या कंपनीच्या?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन लावला, स्पीकरवर! पलीकडून — "कोन? बरफ किती पायजे? बोल लवकर, गिऱ्हाईक हाय!"

बाई हसल्या. कडक बाई हसल्या!

११ मे, शनिवार

वास अजून आहे.

२१ मे, मंगळवार

पत्र आलं. पास!!! सगळे नमुने आमचे. फेलिशिया नाचली, मीही नाचले, गुडघ्यांचा विचार न करता.

मग पत्राचं दुसरं पान पाहिलं. लाल अक्षरांत — 'सर्वांत मोठा धोका : मर्लिन डाबरे. पर्याय नाही. महिन्याभरात एक दिवस त्यांच्याविना लॅब चालवून दाखवावी.'

मी धोका? मी! दुपारपर्यंत फणफणत होते. मग फेलिशियाला मशीनपुढे बसवलं. एकदाही चुकली नाही. आमचं मशीन नुसतं बघून बघून शिकली होती पोरगी! आनंद झाला. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला लिहू.

३० मे, गुरुवार. आगाशी

लॅब सातला उघडली. मी नाही उघडली! फोन एकदाच वाजला. "आंटी, विचारायचं काही नाही. सगळं बरोबर चाललंय, एवढंच सांगायला केला."

चौथा आंबा खाल्ला. अँजेलिनाला म्हटलं, उद्याही राहते.