टाच टेकली

सदर, नागपूर
सप्टेंबर १९७४

प्रिय कृष्णकांत,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोडलेल्या पायाचे प्लास्टर निघाल्यावर आईला माझ्याकडे सोडताना तू एकच विचारले होतेस: ती पुन्हा शेतात निंदायला बसेल का? रुग्णालयात रोज व्यायाम शिकवणारी मी, तरी तेव्हा आधी घोटा तपासू म्हटले. आज उत्तर देते. पण आधी पाय समजून घे.

पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. एक गुडघ्याच्या वरून निघतो, दुसरा खालून. दोन्ही मिळून टाचेला धरतात. प्लास्टरमध्ये ते आखडले. उकिडवे बसू जाता घोटा वाकेना, टाच उचलली जाई आणि आई मागे कलंडे. शरीर मोठे हिकमती! घोटा वाकत नाही म्हणून चालताना तळव्याची कमानच दबते. न्हाणीतून येताना आईचे ते पाऊल फरशीवर अख्खे उमटे.

उपाय ताणाचा. हात भिंतीला, आखडलेला पाय मागे, टाच जमिनीवर. आधी गुडघा सरळ, मग किंचित वाकवून. पहिल्याच सकाळी आई म्हणाली, "काहून वं चारू, भिंत पडून राहिली का? मलेच टेकू द्याले लावते!" तरी नेमाने करी. फरक मात्र पडेना. मग ध्यानात आले, विहिरीचा दोर ओढताना पावले फाकवून रोवतात, तशीच ती भिंतीशीही रोवत होती. पाऊल बाहेर वळले की कमान दबते आणि पोटरी ताणातून निसटते. मी पाऊल सरळ करवले, कमानीखाली जुन्या लुगड्याची घडी सरकवली. "आता ओढून राहिलं वं!" आई ओरडली, आणि मला कोण आनंद झाला!

हळूहळू घोटा सुटला. ओल्या पावलाच्या आतल्या बाजूला फरशी कोरडी राहू लागली. आणि आज सकाळी शेजारच्या शोभाताईंच्या परसात आई कोथिंबिरीच्या वाफ्यात उकिडवी बसली, दोन्ही टाचा मातीत टेकवून! शोभाताई घाबरल्या, "उठा आता, जिजाबाई." आई म्हणाली, "उठतो नं बाई! आधी हे पाहा, सांभारापेक्षा गवतच जास्त पेरलं तुम्ही."

कळमेश्वरचे शेत महादेवरावांना मक्त्याने द्यायचे तुझे पत्र मी आईपासून लपवले होते. आज वाचून दाखवले. मातीचे हात न धुताच ती पिशवी भरायला उठली. तेव्हा महादेवरावांना नाही म्हणून कळव. सोमवारच्या बसने आम्ही येतो. आईसाठी खुर्ची काढू नकोस. तिने विळ्याला धार लावून ठेवायला सांगितले आहे.

तुझीच,
चारूताई