बर्फातली पंगत

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज जे सांगणार आहे ते ऐकून तू आधी कपाळावर हात मारून घेशील. तुझी ही लेक, पन्नाशीला टेकलेली, नांदेडच्या ऑफिसात एक मजला चढायचा तर लिफ्टची वाट बघत उभी राहणारी, दर हिवाळ्यात हिमाचलात जाते, पायाला लांब पट्ट्या बांधते, बर्फाचा डोंगर चढते आणि घसरत खाली येते. स्कीइंग म्हणतात त्याला, त्या पट्ट्यांना स्की. माझ्या लेकीच्या नादानं शिकले. ती सोडून बसली, मी अडकले. "खालीच यायचं होतं तर वर कशाला कडमडलीस?" असं तू विचारणार, मला ठाऊक आहे. पण यंदा तिथं जे झालं ते तुझ्यामुळं झालं, म्हणून लिहायला बसले.

तिथं खरी भीती पडण्याची नसते, बर्फ सुटण्याची असते. रात्री नवा बर्फ पडला आणि वारं सुटलं की वरचा थर खालच्या थराला नीट धरत नाही. कुणाच्या तरी वजनानं तो सुटतो आणि अख्खा उतार खाली येतो. खाली कोण बसलंय ते काही बघत नाही. म्हणून आमच्या वाटाड्याचे नियम कडक. धोक्याच्या जागी एकेकानं जायचं. उताराच्या पायथ्याशी थांबायचं नाही. आणि सकाळी निघताना तळावरच्या बाकीच्या टोळ्यांना विचारायचं, कुठं चाललात, कुठून उतरणार, म्हणजे कुणी कुणाच्या डोक्यावर येणार नाही. हे शेवटचं आमच्या टोळीतल्या पुण्या-मुंबईकडच्यांना फार जड जायचं. गुड मॉर्निंग म्हणायचे आणि चालू पडायचे. दुसऱ्याला कुठं चालला हे कसं विचारायचं, बरं दिसत नाही म्हणे.

मला कशाची लाज? मी मुदखेडची. आपल्या स्टेशनवर गाडी बदलायला थांबलेल्या प्रत्येकाला तू विचारायचीस, "कुठं निघालाव? कोणाकडं? तिथं कोण हाय तुमचं?" मी तुझा पदर ओढून ओढून मरायची, माय, शरमेनं अर्धी व्हायची. आणि गाडीला उशीर आहे असं कळलं की ती माणसं आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली असायची. तर त्या दिवशी सकाळी मी तळावरची सगळी माणसं तुझ्यासारखीच पिंजून काढली. पाच जणांची एक टोळी दुसऱ्या बाजूनं डोंगरमाथ्यावर जाणार होती आणि दुपारी मधल्या घळीतून खाली येणार होती. त्यांतल्या एकाची लेक बाळंतपणाला आलीय हेही मला कळलं होतं, पण ते असू दे.

दुपारी आम्हाला त्याच घळीचा पायथा ओलांडून पलीकडच्या देवदारांत जायचं होतं. वाटाड्या आधी गेला, मग माझी पाळी. अर्ध्यात पोचले आणि बघते तर काय, ऐन घळीच्या तोंडाशी, रणरणत्या उन्हात, बर्फावर प्लास्टिक अंथरून तिघं जण जेवायला बसलेले. स्की काढून बाजूला ठेवलेल्या. त्यांचा वाटाड्या झाडीतून घसा फाडून हाका मारतोय, आणि हे त्याला हात करून म्हणतायत, "बस पाच मिनिट भैया, आप भी आव ना!" मला बघितल्याबरोबर बाई मराठीतच म्हणाली, "या जेवायला!"

लातूरचे निघाले, पलीकडच्या दुसऱ्या तळावरून आलेले. एक डॉक्टर, त्याची बायको आणि त्याचा मेव्हणा. मी म्हणलं, "अहो, उठा आधी. वरून पाच माणसं उतरणारेत, बर्फ सुटला तर आपण सगळे गाडले जाऊ." डॉक्टर शांतपणे म्हणाला, "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?" नांदेड म्हणताच मेव्हणा हसला. "तरीच! नांदेडच्या माणसाला लातूरकर सुखानं बसलेला कधी बघवलाय का?" बाईनं तोवर चटणी घातलेलं धपाटं माझ्यापुढं धरलं होतं. "दोन घास खावा, मग सगळेच उठू." मी नको म्हणलं. तिचा चेहरा पडला. "नको? बहीण म्हणून बोलवायले मी, अन् तुम्ही नको म्हणताव?"

खरं सांगते, त्या क्षणी बर्फापेक्षा तुझीच भीती जास्त वाटली. कुणी ताटावर बोलावलं आणि मी नको म्हणलं, हे तू बघितलं असतंस तर? वर घळीच्या टोकाशी पाच ठिपके दिसायला लागले होते. ओरडून उपयोग नव्हता, त्या तिघांचे हात आपापल्या धपाट्यावरच होते. आणि मला एकदम उमरीचं लग्न आठवलं.

तुझ्या भाचीचं लग्न. उन्हाळा, भर पंगत बसलेली आणि आभाळ काळंठिक्कर. वारं असं सुटलंय की मांडवाचे खांब करकर वाजतायत. मी दहा-बारा वर्षांची, पंगतीतून पळत ओरडतेय, "उठा, मांडव पडतोय, उठा!" एक वऱ्हाडी हलेल तर शपथ. बुंदी वाढायची राहिली होती ना. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "अगं येडे, ओरडून कुणी ताटावरून उठतंय का? वरणाची बादली उचल अन् चल माझ्या मागं." आणि बुंदीची परात डोक्यावर घेऊन तू सरळ शाळेच्या वर्गात शिरलीस. अख्खी पंगत आपापली पत्रावळ धरून तुझ्या मागं. शेवटचा म्हातारा आत आला आणि मांडव बसला.

तर माय, मी वाकले, लातूरकरांची धपाट्यांची चळत फडक्यासकट उचलली, चटणीचा डबा काखेत मारला आणि देवदारांकडं सुटले. मागं एकच गलका. "ए बाई! ओ नांदेड! धपाटे! आमच्या आईनं दिलेत ते!" तिघंही गुडघाभर बर्फातून धडपडत, पडत, शिव्या घालत माझ्या मागं. मेव्हणा सगळ्यात पुढं. मी झाडांत शिरले, ते शिरले, आणि त्यानं फडक्याला हात घातला तोच वर काहीतरी दबक्या आवाजात बसल्यासारखं झालं. पाचांतल्या दुसऱ्या माणसाच्या पायाखाली उतार फुटला होता. तो कडेला निसटला, वाचला. बर्फ मात्र घळीतून धूर उडवत खाली आला आणि ते प्लास्टिक होतं तिथं कमरेइतका साचून थांबला.

डॉक्टर नुसता तिकडं बघत राहिला. बाई मला घट्ट धरून रडली. मीही रडले. मेव्हणा माझ्या हातातलं फडकं सोडवून घेत म्हणाला, "नांदेडवालीनं चोरी केली, पण झकास केली." आमच्या वाटाड्यानं मला विचारलं, हे कोणत्या कोर्सात शिकवतात? मी म्हणलं, उमरीला.

मग वरचे पाच, आम्ही आणि लातूरकर, सगळे झाडांखाली गोल बसलो आणि ते धपाटे वाटून खाल्ले. माझ्या हातात पहिला घास होता आणि तू समोर हवी होतीस असं फार वाटलं.

तुझा पत्ता मला ठाऊक असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारण तू पहिलं हेच विचारशील, धपाटे कसे होते. तुझ्याशी खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही. ते तुझ्यापेक्षा चांगले होते, माय.