डावीकडे ओढणारा ट्रक

२१ मार्च

चासी आली. धुकं इतकं दाट की लांबलचक ट्रेलर फाटकातून आत आला तो आधी नुसता आवाज म्हणून, मग दिवे म्हणून आणि सगळ्यात शेवटी ट्रेलर म्हणून. त्याच्या पाठीवर ती — काळीभोर, गुळगुळीत, आडव्या टाकलेल्या शिडीसारखी. चाकं नाहीत, इंजिन नाही, केबिन नाही. कुणीतरी ट्रकचं स्वप्न आधी पाठवून दिलंय आणि ट्रक मागाहून येणार, असं वाटलं. वरून क्रौंच ओरडत चालले होते. तेही दिसत नव्हते.

कर्टनं तिच्यावरून हात फिरवला. कडेनं, सावकाश, डोळे अर्धे मिटून. माझ्या या नवऱ्यानं माझ्या पाठीवरून असा हात शेवटचा कधी फिरवला होता हे शोधायला कॅलेंडर पुरणार नाही, इतिहासाचं पुस्तक काढावं लागेल.

ऑर्व्हिल, म्हणजे माझे सासरे, काठी टेकत आले. ट्रक त्यांचा. एकावन्न सालचा, कधीकाळी हिरवा. चासीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "माझ्या ट्रकात परक्याची हाडं घालताय."

कर्ट म्हणाला, "पॉप, तुमच्या स्वतःच्या खुब्यात टायटॅनियम आहे."

"म्हणूनच सांगतोय. पाऊस येण्याआधी दुखतं."

२३ मार्च

का चाललंय हे सगळं, ते एकदा लिहून ठेवते. पुढं कुणी विचारलं तर मला वेड लागलं नव्हतं याचा पुरावा असावा.

जुनी चासी गंजून संपली. नेब्रास्कात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेवढं मीठ आमच्या जेवणात असतं तर आम्हीही गंजलो असतो. मागचे स्प्रिंगचे पाटे जिथं बसतात तिथं कर्टनं स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. वेल्डिंग कशाला करायचं, उरलंय काय? म्हणून नवी चासी. जुन्या मापाची, पण नव्या पोलादाची. वर केबिन, हौदा, बॉनेट सगळं जुनंच चढणार.

आणि घाई अशासाठी की ऑर्व्हिलनी हिवाळ्यात लॅडी कुचेराची टपालपेटी उडवली. लॅडी शेजारी म्हणून हसला, पण पेटी नवीन होती. तेव्हा बापलेकांत करार झाला. सप्टेंबरच्या मिरवणुकीत ऑर्व्हिल स्वतःचा ट्रक स्वतः चालवणार — धान्याच्या कोठारापासून चर्चपर्यंत. त्यानंतर सगळ्या किल्ल्या कर्टच्या हातात. पुन्हा स्टेअरिंगला हात लावायचा नाही. एवढ्यावर दोघांनी हात मिळवले. आमच्याकडे याहून जास्त भावना दाखवल्या तर डॉक्टर बोलावतात.

११ एप्रिल

साप्ताहिकातलं सदर लिहायला बसले आणि तीनदा 'चासी' लिहिलं. सदर वसंतातल्या विवाहसोहळ्यांवर होतं.

२७ एप्रिल

आज केबिन उचलली. साखळीला टांगलेली ती शेडमध्ये मंद मंद फिरत होती. दारातून येणारं ऊन तिच्या काचांतून भिंतीवर सरकायचं, कोपऱ्यात जायचं, परत यायचं. मी कॉफी घेऊन गेले होते, ती हातातच गार झाली.

खाली जुनी चासी उघडी पडली. केबिनच्या डाव्या आधाराखाली कुणीतरी टायरचे तुकडे कापून घातले होते. कर्ट खूश.

"बघ, रोंडा! चासीच वाकडी होती. म्हणून जन्मभर डावीकडं ओढत होती."

ऑर्व्हिल बादली उपडी टाकून बसले होते. म्हणाले, केबिनचा तळ सडला होता म्हणून घातलं असेल. पण कर्टला एवढ्या वर्षांनी आरोपी सापडला होता, तो कशाला ऐकतोय.

डावीकडे ओढणं म्हणजे या घरची दंतकथाच. आर्डिस, माझी सासू, दोन वर्षांपूर्वी गेली. ताठ बाई. चर्चला जाताना मी मागून आमच्या गाडीतून बघायची. ती ट्रकच्या उजव्या खिडकीला चिकटून बसणार, पर्स मांडीवर भिंतीसारखी उभी. मग ऑर्व्हिल स्टेअरिंगला उजवीकडे हिसका देणार आणि आर्डिस रेक्झिनच्या सीटवरून घसरत थेट डावीकडे, त्यांच्या खांद्यावर. टोपी नीट करायची, पुन्हा खिडकीशी. पुढच्या वळणाआधी पुन्हा हिसका. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं मला सांगून टाकलं होतं, "गाडी डावीकडं ओढते. ऑर्व्हिलचा दोष नाही." एखाद्या नातेवाइकाच्या दारूबद्दल सांगावं तसं.

१६ मे

नव्या चासीवर केबिन बसली, पण दारं लागेनात. डावं लागलं तर उजवं फुगतं. इतकी वर्षं जुन्या हाडांवर बसून बसून पत्र्याला तोच आकार आलाय. सरळ बसवलं की त्याला अवघडल्यासारखं होतं. कर्ट पत्र्याच्या चकत्या सरकवतो, दार लावून बघतो, शिव्या देतो. मला त्या केबिनबद्दल फार जिव्हाळा वाटला. मीही आता सरळ बसले तर माझी दारं लागणार नाहीत.

जुनी चासी लॅडी घेऊन गेला. त्याच्या ओढ्यावर पूल करणार म्हणे. चांगला आहे तेवढा भाग कापून घेईन म्हणाला. ऑर्व्हिल फाटकापर्यंत तिच्यामागे चालत गेले. मग फाटक लावून घेतलं. आमच्याकडे फाटक कधीच लावत नाहीत.

२ जून

दुपारी झोपले आणि स्वप्न पडलं. चासी मक्याच्या शेतातून जातेय, नुसती, वर काहीच नाही. मका तिच्या पट्ट्यांमधून वर येतोय आणि पुन्हा मिटतोय. आर्डिस मधल्या आडव्या पट्टीवर बसलीय, पर्स मांडीवर. मी विचारलं, कुठं? ती म्हणाली, डावीकडं.

१९ जुलै

इंजिन सुरू झालं. कर्टनं माझा हात धरला. मग लक्षात आल्यावर पाना द्यायला सांगितला.

९ ऑगस्ट

आज ऑर्व्हिलनी चालवून बघितला. कर्ट शेजारी, मी मागून माझ्या गाडीत. खडीचा रस्ता, दोन्हीकडे मका उंच, फुलोऱ्याची पिवळी धूळ हवेत तरंगत होती, सगळं कसं मधात बुडवल्यासारखं. हिरवा ट्रक त्यातून शांतपणे चाललेला. मला वाटलं, हे कधी संपूच नये.

तेवढ्यात ट्रक उजवीकडे वळला, रस्ता नसताना.

जुन्या स्टेअरिंगला ढील एवढी होती की हिसका द्यायचा सोमवारी आणि चाक वळायचं मंगळवारी. हे नवं स्टेअरिंग लोण्यासारखं. ऑर्व्हिलनी नेहमीचा हिसका दिला आणि ट्रक सरळ रस्त्याकडेच्या चारीत, तिथून लॅडीच्या मक्यात. मी धावत पोहोचले तेव्हा इंजिन बंद होतं आणि माझा धिप्पाड नवरा रेक्झिनवरून घसरून बापाच्या मांडीवर बसला होता. दोघंही समोर बघत होते. पुढच्या काचेवर एक कणीस.

कुणाला काही लागलं नाही. मी हसले. फक्त मीच.

१० ऑगस्ट

कर्टनं न्याहारीलाच सांगून टाकलं. मिरवणुकीत तो चालवणार, पॉप शेजारी बसून हात हलवतील. रस्त्याकडेला लोकांची पोरं उभी असतात. त्याचं चुकत नव्हतं, हेच वाईट.

"तुमच्या हातांना वाकड्या चासीची सवय झालीय पॉप. ती जाणार नाही आता."

मला वाटलं भांडतील. ऑर्व्हिल म्हणाले, "मग मी नाही येत." आणि टोस्टला लोणी लावत राहिले, टोस्ट संपल्यावरही.

संध्याकाळपर्यंत कर्टनं ट्रकमध्ये सीटचे पट्टे बसवले. तीन. मी विचारलं, मधला कुणासाठी? आपण दोघं तर एकमेकांशी बोलायलाही फोन करतो. तो म्हणाला, संच तिघांचाच मिळतो.

२० ऑगस्ट

ऑर्व्हिल रोज शेडमध्ये जातात. बंद ट्रकमध्ये बसतात, स्टेअरिंगवर हात. आज मी जाऊन शेजारी बसले, खिडकीकडे. शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. भोकांतून उन्हाचे कवडसे बॉनेटवर पडले होते आणि ते इतके हळू सरकत होते की आम्हीच सरकतोय असं वाटायला लागलं — शेड, ट्रक, आम्ही, सगळं मिळून कुठंतरी निघालोय.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझा पाय मोडला त्या साली सगळा मका हिनंच वाहिला. याच ट्रकमधून."

"आर्डिसनं?"

"एकदाही टपालपेटी उडवली नाही."

२४ ऑगस्ट

कर्ट चर्चला आला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. मी परत आले तर डोकं ट्रकखाली होतं. पुढच्या चाकाची अलाइनमेंट सोडवत होता. मला बघून चोरी पकडल्यासारखा बाहेर आला.

मार्चपासून हा माणूस सरळपणासाठी झिजला. दोरे लावले, ओळंबे सोडले, जिथं कुणी कधी बघणार नाही तिथंही केसाएवढा फरक राहू दिला नाही. आणि आता स्वतःच्या हातानं ट्रक डावीकडे ओढेल असा करत होता. थोडासाच. बापाच्या हिसक्याचा हिशोब बसेल एवढा.

मी काहीतरी लागट बोलणार होते, तयारही होतं. त्याआधी तोच म्हणाला, "पॉपच्या हातांची अलाइनमेंट मला करता येत नाही ना."

लागट वाक्य गिळलं. सदरातही वापरणार नाही.

३१ ऑगस्ट

मागच्या शेतात सगळा रविवार दोघं चालवत होते. रस्त्यावर नाही, शेतातच. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पहिल्यांदा ट्रक डुलत होता, मग कमी, मग नाही. कर्टनं ऑर्व्हिलना काय केलंय ते सांगितलेलं नाही. ऑर्व्हिलनी विचारलेलंही नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "ओढतोय थोडा."

कर्ट म्हणाला, "हो का? बघतो."

"नको. राहू दे."

२० सप्टेंबर

मिरवणूक. शाळेचा बँड, पोल्का वाजवणारे म्हातारे, ट्रॅक्टर, घोड्यांवरची पोरं, आणि मधे हिरवा ट्रक. ऑर्व्हिल इस्त्रीचा शर्ट घालून, कर्ट शेजारी पट्टा बांधून, बोटं सीटमध्ये रुतवलेली. धान्याच्या कोठारापासून चर्चपर्यंत सुतासारखा सरळ. मध्येच स्टेअरिंग उजवीकडे जरा हलायचं, ट्रक मात्र जागचा ढळायचा नाही. लॅडी नवी टपालपेटी छातीशी धरून उभा होता. लोक हसले, ऑर्व्हिलनी टोपी काढली.

चर्चपुढे इंजिन बंद करून ते खूप वेळ उतरले नाहीत. आम्हीही घाई केली नाही. मग किल्ल्या दिल्या. कर्टला नाही, मला.

"त्याच्याकडं हरवतील," म्हणाले.

३ ऑक्टोबर

लॅडीनं पूल दाखवायला बोलावलं. जुन्या चासीचा चांगला भाग ओढ्याच्या दोन्ही काठांवर काँक्रीटमध्ये बसवलाय, वर फळ्या. पाण्यावर पिवळी पानं, पुलाखालून हळूच निघून जाणारी.

लॅडी कर्टला म्हणाला, "वाकडी वाकडी म्हणून इतकी वर्षं बदनाम केलीत. मी चारही कोपरे टेकवले, जरासुद्धा डुगडुगली नाही. दोन्ही कर्ण मोजले, सारखे. टेबलासारखी सरळ आहे ही."

कर्ट म्हणाला, नीट मोजलं नसशील. मग स्वतः गुडघ्यावर बसून मोजलं. मग परत मोजलं.

५ ऑक्टोबर

ऑर्व्हिल जर्दाळू भरलेला गोड पाव, कोलाचे, खात होते. मी विचारलंच, ट्रक खरंच डावीकडं ओढायचा का?

"कधीच ओढत नव्हता," ते म्हणाले. बोट चाटलं. "ती दाराला चिकटून बसायची. मी काय करणार होतो?"

"आणि तिला कधी कळलं नाही?"

"सगळा मका तिनंच वाहिला म्हटलं ना. पहिल्या फेरीतच कळलं असणार. माझ्या पायाचं प्लास्टर निघालं आणि पुढच्या रविवारी बाईसाहेब पुन्हा दाराशी जाऊन बसल्या."

संध्याकाळी कर्टबरोबर ट्रकमधून गावात निघाले. मधल्या जागेचा पट्टा नवीन आहे, जरा ओढूनच लावावा लागतो.

"खिडकीकडं काय झालं?" कर्टनं विचारलं.

"काही नाही. गाडी डावीकडं ओढते," मी म्हटलं.