बाबांनी विचारलेला उलटा भाव

शनिवार, संध्याकाळ

अजूनही खरं वाटत नाही. जर्मनीला नर्स म्हणून जायचं, म्हणून युरो घ्यायला आज मी बाबांसोबत लाखनीहून नागपूरला गेली होती. चार दिवस मोबाइलवर भाव पाहून पाहून डोकं दुखलं होतं. परदेशी पैसे बदलून देणारा दुकानदार म्हणाला, "मॅडम, याच्याहून कमी कुठंच नाही." मी पैसे काढलेच.

तेवढ्यात बाबा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले, "भाऊ, पोरीचं जाणं रद्द झालं, त हेच वापस कितीले घ्याल?"

त्यानं युरोमागं पाच रुपये कमी सांगितले.

"म्हणजे मधातले पाच तुमचे."

बस, बाबा एवढंच बोलले. पुन्हा दुपट्ट्यानं तोंड पुसणं. दुकानदारानं स्वतःहून युरोमागं दीड रुपया सोडला!

बसमध्ये विचारलं, हे कसं सुचलं?

"बैलबाजारात असंच रायते. घ्याच्या आधी इकाचा भाव इचाराचा."

इतकं सोपं? मग मला काहून नाही सुचलं?

आणि सकाळी निघताना मीच बाबांना बजावलं होतं, तो दुपट्टा घरी ठेवा, अन् तिथं काही बोलू नका.