यांनी स्वतः दाबलेलं बटण

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।
सोलापूर

सौ. अक्कास, धाकट्या धनलक्ष्मीचा नमस्कार.

आमच्या मतदान केंद्रावर यंदा चाकांची खुर्ची, दारात उतार आणि उमेदवारांची नावं ब्रेलमध्ये असलेला कागद आला. मी किंमत विचारली तर केंद्रावरचे साहेब हसले, "ताई, सरकारी खर्च. तुमच्याच करातून." अक्का, पै न् पै वसूल झाली बघ!

यांना दिसत नाही म्हणून लग्नापासून यांचं बटण मीच दाबायचे. परवा पहिल्यांदा यांनी एकट्याने मत दिलं. कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालणारी ती बोटं आधी कागदावरून, मग मशीनवरून फिरली. रांगेतून एकजण ओरडला, "आत झोपला काय हो?" तेवढ्यात मशीन वाजलं! हे बाहेर आले ते शाईचं बोट वर धरूनच.

"कुणाला दिलंत?" मी विचारलं.

"गुप्त असतंय की! तुला कशाला सांगू?" घरापर्यंत हसत आले.

मीही हसले, पण एक गोष्ट लपवूनच. गेल्या वेळी यांनी सांगितलेला माणूस मला पटला नव्हता, म्हणून मी दुसरंच बटण दाबलं होतं. देवापुढे कबूल केलंय, यांच्यापुढे नाही.

अव्वाचे गुडघे कसे आहेत? आईला म्हणावं, आता खुर्ची मिळते, मत चुकवू नको.

यांना खरं सांगू का, ते उलट टपाली कळव. पोस्टकार्ड मात्र नको, कार्ड पोस्टमन यांना दारातच वाचून दाखवतो. बंद पाकीटच पाठव, होऊ दे खर्च.

तुझी,
धनू